उनकेश्वरचें ऊन पाणी

गेल्या हिवाळ्यांत मी एकटाच नांदेड जिल्ह्यांतील उनकेश्वरास जाऊन आलों. वाटेंत सागाचें रान लागतें; पैनगंगेच्या दोहों तीरांवर अभयारण्य आहे. अस्वल पाहण्याची हौस होती. दर्शन दिलें तें वानरांनीं व एका नीलगाईनें!

गरम पाण्याच्या कुंडाकांठीं लातूरकडील एक वृद्ध गृहस्थ भेटले. ते म्हणाले, “मास्तर, खालीं ज्वालामुखी तर नाहीं ना?” ज्यांनीं १९९३ सालीं किल्लारीचा भूकंप पाहिला, त्यांनीं असें विचारणें स्वाभाविकच.

ज्वालामुखी नाहीं. दख्खनचा लाव्हा सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच थिजला. पावसाचें पाणी भेगांतून खोल उतरतें. तेथें दर किलोमीटरास सुमारें २५ ते ३० अंश उष्णता वाढते. तापलेलें पाणी दुसऱ्या भेगेनें वर येतें, इतकेंच. अमेरिकेंतील यलोस्टोन येथें मात्र खालीं तप्त शिलारस आहे. अरुंद नळींत कोंडलेलें पाणी वरच्या भारामुळें १०० अंशांपलीकडे तापूनही उकळत नाहीं. भार किंचित् हलका होतांच त्याची एकदम वाफ होऊन कारंजें आकाशांत उडतें.

हें ऐकून गृहस्थांनीं धोतर सांवरलें आणि पाण्यांत पाय सोडले.