पानामागची पांढरी माशी आणि सुताचा भाव

रुईचा भाव, सुताचा काउंट आणि कापडाची मागणी यांचा हिशेब आम्ही व्यापारी रोज मांडतो. ज्या शेतातून ही रुई येते तिथे काय चालले आहे, याची चौकशी मात्र क्वचितच करतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत सूत महागले की साठेबाजांचे नाव घेतले जाते. ते काही वेळा खरेही असते. पण कधी कधी या महागाईची सुरुवात कपाशीच्या पानामागे बसलेल्या माशीपासून होते.

ही पांढरी माशी. लांबी जेमतेम १ मिलिमीटर. मावा आणि तुडतुड्यांप्रमाणे तीही रस शोषणारी कीड आहे. रोगट झाडाचा रस पिताना विषाणू तिच्या पोटात जातो, आतड्यातून रक्तात आणि तेथून लाळेच्या ग्रंथींत पोहोचतो. पुढे ती निरोगी झाडावर बसली की लाळेबरोबर विषाणू त्या झाडात शिरतो. एकदा विषाणू अंगात भिनला की ती अनेक दिवस रोग वाटत फिरते.

रोग लागलेल्या कपाशीच्या पानांच्या शिरा जाड होतात, पाने वर किंवा खाली मुरडतात, पानामागे शिरांवर इवल्या पानासारख्या वाढी फुटतात. झाड खुजे राहते, बोंडे कमी लागतात. उत्तरेकडे याला ‘पत्ता मरोड’ म्हणतात. हा रोग बियाण्यातून येत नाही. माशी हेच त्याचे वाहन. झाडात शिरलेल्या विषाणूवर औषध नाही, हे मुख्य ध्यानात घ्यावे.

मुलतानचा धडा

या रोगाची पहिली नोंद १९१२ साली नायजेरियात झाली. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो हे १९३०च्या सुमारास सुदानमध्ये सिद्ध झाले. पाकिस्तानात मुलतानजवळ तो १९६७ साली दिसला, पण वीस वर्षे त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. पुढे एस-१२ नावाचे भरघोस उत्पन्न देणारे वाण सर्वत्र पेरले गेले आणि नेमके तेच रोगाला बळी पडले. १९९१-९२ साली तेथे सुमारे १ कोटी २८ लाख गाठी पिकल्या होत्या. १९९३-९४ साली जेमतेम ८० लाख उरल्या. ज्या मुलखाची सारी तिजारत कापसावर, तेथे सूतगिरण्यांना रुई मिळेनाशी झाली.

नंतर रोगाला दाद न देणारी नवी वाणे आली. २००१च्या सुमारास बुरेवाला भागात विषाणूचा नवा प्रकार निघाला आणि ती वाणेही हरली. आपल्याकडे १९९३ साली श्रीगंगानगर भागात अमेरिकन कपाशीवर हा रोग आढळला आणि तेथून पंजाब-हरियाणात पसरला. देशी कपाशीला मात्र तो बाधत नाही.

फवारणीचा उलटा हिशेब

२०१५ साली पंजाबात पांढऱ्या माशीने कपाशीचे अतोनात नुकसान केले. शेतकरी रेल्वेमार्गावर बसले. सरकारला एकरी ८,००० रुपये भरपाई जाहीर करावी लागली. बीटी बियाण्याने तेथे काही साधले नाही, कारण बीटी बोंडअळीसाठी आहे, माशीसाठी नाही. वारंवार केलेल्या फवारणीने माशीला खाणारे ढालकिडे मरतात आणि माशी औषधाला सरावते. खर्च वाढतो, कीडही वाढते.

विषाणू नसला तरी माशी नुकसान करतेच. तिच्या अंगातून पडणारा गोड चिकटा उमललेल्या बोंडावर साचतो, त्यावर काळी बुरशी चढते. अशी रुई गिरणीत रुळांना चिकटते आणि धागा तुटतो. जिनिंगवाल्याने रुई घेताना हात लावून पाहावी, ती यासाठी.

पत्ता मरोड मुख्यतः उत्तरेच्या पट्ट्यातला आहे. तरी महाराष्ट्राने निर्धास्त राहू नये. भेंडीवरचा हळद्या हीच माशी पसरवते. शेतकरी बांधवांनी शिफारस केलेले वाण घ्यावे, पेरणी वेळेवर करावी, बांधावरचे तण काढावे, कपाशीशेजारी भेंडी टाळावी, पिवळे चिकट सापळे लावावेत, नत्राचा मारा करू नये. आठवड्यातून एकदा पान उलटून पाहावे. फवारणी कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यानेच करावी.

व्यापाऱ्यांनीही एक खबरदारी घ्यावी. फळ पक्व होण्याची चिन्हे दिसेपर्यंत त्याची विक्री करू नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आहे. उभे पीक आधीच विकत घेऊन ठेवणाऱ्याला पीक बुडाले की एकतर स्वतः बुडावे लागते किंवा शेतकऱ्याला बुडवावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून माशीची बातमी आली तर दिवाळीनंतरच्या कापडाचे भाव आज बांधून देऊ नयेत. मोठा व्यापारी एखादा हंगाम तोट्यात काढू शकतो. चार साच्यांवर घर चालवणाऱ्या विणकराला तेवढी ताकद नसते. सूत अचानक महागले की त्याचे माग आधी बंद पडतात. पानावरची खबर वेळेत त्याच्यापर्यंत पोहोचली, तर सुताची थोडी तजवीज तो आधीच करू शकेल.