मोर्णेचा पूर आणि धुऱ्यावरचा हिशेब

जुलै २०२१ मध्ये मोर्णा नदीचं पाणी अकोल्यातल्या काठच्या वस्त्यांत शिरलं. पाऊस येणार हे आदल्या दिवशी सांगता येतं, मग पाणी कोणत्या गल्लीत किती वाजता पोचेल, हे का सांगता येत नाही?

मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतला ‘अर्का’ महासंगणक देशभरचा अंदाज सहा किलोमीटरच्या चौकोनांत मांडतो. पावसासाठी ही मोठीच मजल आहे. पण असा एक चौकोन ३६ चौरस किलोमीटरचा. अकोल्याचं स्टेशन, जुनं शहर आणि मोर्णेचे दोन्ही काठ त्यात सहज मावतील. पुराला नाल्याची रुंदी आणि रस्त्याचा भराव दिसावा लागतो. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात. शिवाय हिशेबातला काळाचा टप्पाही निम्मा करावा लागतो, म्हणजे काम आठपट वाढतं. पुराच्या हिशेबात तीस मीटरच्या चौकोनावरून साडेसात मीटरवर यायचं तर ६४ पट!

एवढं काम वाटूनच करावं लागतं. भारतात त्याची वाट ज्यांनी घालून दिली ते डॉ. विजय भटकर आपल्याच अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. त्यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही संगणक संस्था १९८८ मध्ये उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्यात एकच अजस्र प्रोसेसर नव्हता, अनेक छोटे प्रोसेसर एकत्र राबत होते. पुराच्या गणितात हे शेतांसारखं चालतं: प्रत्येक जण आपल्या वावरातलं पाणी मोजतो आणि धुऱ्यावरून किती गेलं ते शेजाऱ्याला सांगतो. सी-डॅकने केंद्रीय जल आयोगासोबत महानदीच्या त्रिभुज प्रदेशासाठी असं काम केलंय. मूळ प्रणाली ‘अनुगा’, ऑस्ट्रेलियात घडलेली आणि सर्वांना खुली.

तीच जशीच्या तशी, मोर्णा जिला मिळते त्या पूर्णेच्या खोऱ्यावर लावली तर चुकेल, कारण आपली काळी जमीन. मे महिन्यात तिच्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. जूनचा पहिला मोठा पाऊस त्या भेगा गटागटा पिऊन टाकतात. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि ऑगस्टमधला तेवढाच पाऊस वरच्यावर वाहत नाल्यात येतो. खाऱ्या भूजलाच्या खारपाणपट्ट्यात सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात. तिथे पाणी मुरणं आणखी अवघड. म्हणून पाऊस, माती, भूजल आणि नदी एकाच गणितात बसवावी लागतात.

पेटाफ्लॉपच्या, म्हणजे महासंगणकांच्या वेगाच्या, आकड्यांचं कौतुक मला थोडं जास्तच वाटतं. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन २०१५ चं. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतला ‘परम ब्रह्म’ महासंगणक त्यातलाच. यंत्रं आहेत. पण मातीचं ज्ञान अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, पूर्णेची पातळी लाखपुरी आणि गोपाळखेडला जल आयोगाकडे, काटेपूर्णा धरणातून किती पाणी सोडलं ते जलसंपदा विभागाकडे. कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ही सगळी माहिती एकाच जागी, एकाच साच्यात आणि पुण्याच्या यंत्रावरच्या वेळेसह मिळाली पाहिजे. नुसतं लॉगिन देऊन भागणार नाही.

आणि अशा अंदाजाची गरज फक्त अकोला-अमरावतीला नाही. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते, तिथून पाणी हतनूर, उकाई करत सुरतेला जातं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली. मेळघाटच्या उतारावरून किती पाणी निघालं याचा हिशेब सुरतकरांनाही हवा आहे.