पाण्यातली भट्टी

रिॲक्टरला आपण अणुभट्टी म्हणतो आणि निम्मे गैरसमज त्या शब्दातूनच सुरू होतात. भट्टी म्हटली की ज्वाळा, धूर, वितळलेलं लोखंड डोळ्यांपुढे येतं. ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ मात्र सुमारे आठ मीटर खोल, शुद्ध पाण्याने भरलेला हौद होता. वरच्या सरकत्या ट्रॉलीला टांगलेला तिचा गाभा पाण्यात बुडालेला असे. न्यूट्रॉनचा वेग कमी करायचा तो पाण्यानेच, उष्णता वाहून न्यायची ती पाण्यानेच आणि काठावरच्या माणसाला किरणांपासून वाचवायचं तेही मुख्यतः पाण्यानेच.

त्या पाण्यातला निळा उजेड म्हणजे किरणोत्सार गळत असल्याची खूण, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. प्रकाशाचा वेग पाण्यात सुमारे पाव भागाने घटतो. गाभ्याजवळचे काही इलेक्ट्रॉन त्या मंदावलेल्या प्रकाशालाही मागे टाकतात आणि तेव्हा हा चेरेन्कोव्ह प्रकाश उमटतो. 20 जानेवारी 1957 रोजी उद्घाटनाच्या वेळी पंडित नेहरूंनी ‘अप्सरा’ हे नाव ठेवलं, ते याच निळाईवरून.

‘क्रिटिकल’ हा शब्दही असाच फसवा. पेशंट क्रिटिकल असला की आपल्या पोटात गोळा येतो. अणुभट्टी क्रिटिकल झाली म्हणजे तिच्यातली विखंडनाची साखळी स्वतःच्या बळावर अखंड चालू लागली. अप्सरेच्या बाबतीत ते घडलं 4 ऑगस्ट 1956 रोजी दुपारी पावणेचार वाजता. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली ही पहिली अणुभट्टी. ती इंग्रजांनी बांधून दिली, हे मात्र खरं नाही. सुरुवातीचं इंधन ब्रिटनकडून आलं. बांधणी आणि नियंत्रणयंत्रणा होमी भाभांच्या चमूची. निर्णयापासून साखळी सुरू होईपर्यंत त्यांना दीड वर्षही लागलं नाही. स्वातंत्र्याला जेमतेम नऊ वर्षं झालेली असताना हे साधलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

अप्सरेने वीज कधीच बनवली नाही. तिचं काम न्यूट्रॉन पुरवण्याचं: समस्थानिकं तयार करणं, नमुन्यातली सूक्ष्म मूलद्रव्यं ओळखणं, किरणांपासून संरक्षण देणारी आवरणं तपासणं.

सर्वांत चिवट समज बॉम्बचा. पोखरणच्या 1974 च्या स्फोटातलं प्लुटोनियम अप्सरेतलं नव्हतं; ते आलं शेजारच्या ‘सायरस’मधून. सायरसची क्षमता 40 मेगावॅट, इंधन नैसर्गिक युरेनियमचं. अप्सरेची कमाल क्षमता 1 मेगावॅट. इतक्या शक्तीवर दिवसभर चाललेल्या भट्टीत जेमतेम ग्रॅमभर युरेनियमचं विखंडन होतं. शिवाय प्लुटोनियम बनतं ते युरेनियम-238 पासून, आणि अप्सरेच्या समृद्ध इंधनात त्याचाच वाटा घटवलेला असतो.

अपघात झाला म्हणून ती बंद पडली, असंही कानावर येतं. प्रत्यक्षात 2009 मध्ये ती ठरवून थांबवली. भारत-अमेरिका अणुकराराच्या निमित्ताने भारताने 2006 मध्ये नागरी आणि लष्करी सुविधा वेगळ्या करण्याचा आराखडा मांडला होता. नंतर फ्रान्सकडून घेतलेला अप्सरेचा इंधनगाभा 2010 मध्ये ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राबाहेर हलवून आंतरराष्ट्रीय देखरेखीसाठी खुला करायचं त्यातच ठरलं होतं.

10 सप्टेंबर 2018 रोजी ट्रॉम्बेतच ‘अप्सरा-यू’ क्रिटिकल झाली. जुन्या भट्टीची ही डागडुजी नव्हे: क्षमता दुप्पट, 2 मेगावॅट, आणि इंधन कमी समृद्ध युरेनियमचं, देशातच घडवलेलं. गाभा मात्र हिचाही पाण्याच्या हौदातच आहे.