महिन्यातून एकदा येणारा माणूस

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडी किंवा मिसारवाडीतल्या पोराने वेल्डिंगचं दुकान टाकायचं ठरवलं, तर हातात कसब असतंच. कुणाच्या तरी शेडमध्ये चार वर्षं राबून ते आलेलं असतं. गाडी अडते बँकेत. तारण काय? जामीनदार कोण? घर पत्र्याचं, प्लॉट गुंठेवारीतला, बॉन्डवर घेतलेला.

भारतीय युवा शक्ती ट्रस्ट हात देतो तो इथे. माजी राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांच्या कन्या लक्ष्मी वेंकटेसन यांनी १९९२ मध्ये ही संस्था उभी केली. ब्रिटनमधला १९७६ चा प्रिन्सेस ट्रस्ट ही तिची प्रेरणा. बजाज समूहाच्या साथीने तिचं काम या शहरातही आलं. साधारण १८ ते ३५ वयाच्या, पाठीशी पैसा नसलेल्या तरुणांना हेरायचं, प्रशिक्षण द्यायचं, प्रकल्प अहवाल करून घ्यायचा आणि बँकेपर्यंत न्यायचं, अशी ही वाट. तारण नसेल तर २०१५ पासून मुद्रा योजनेतही विनातारण कर्ज मिळतं.

पण कर्ज हातात पडलं की खरी परीक्षा सुरू होते, आणि या संस्थेचं मोठेपण तिथेच आहे. ती प्रत्येक नवउद्योजकाला एक मार्गदर्शक देते. उद्योगात केस पांढरे केलेला, मानधन न घेणारा माणूस. तो दुकानात येऊन बसतो आणि आधी वही मागतो.

वही बहुतेकदा नसतेच. गल्ल्यातल्या पैशातूनच किराणा येतो, बहिणीची फीही त्यातूनच जाते. ग्रिलचा भाव किलोवर सांगितला जातो. त्यात लोखंड धरलेलं असतं, पण रॉड, ग्राइंडरची चकती, वीजबिल आणि स्वतःची मजुरी धरलेली नसते. रात्री दहापर्यंत काम करूनही हप्ता का थकतो, हे त्या पोराला कळत नाही. शेजारी बसून दोघांनी एका ग्रिलचा हिशेब मांडला की कळतं. अशा वेळी आणखी पन्नास हजारांचं कर्ज देऊन काही साधत नाही. तो एक तास लाखमोलाचा असतो.

आणि असा हिशेब शिकवू शकणाऱ्या माणसांची या शहरात वानवा नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने कितीतरी व्हेंडर वाढले. एका लेथवर जॉबवर्क करत ज्यांनी सुरुवात केली, त्यांना पहिला हप्ता भरतानाची धडधड अजून आठवत असेल.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यातून निवृत्त झालेल्या मंडळींनी महिन्यातला एक रविवार या पोरांसाठी काढावा.