मूल मागे पडतं की शिकवणं?

सुरतेच्या लिंबायत, उधना, दिंडोली भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं राहतात. महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती त्यांच्या मुलांसाठी मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. पण यातल्या अनेक घरांत बोलली जाते अहिराणी. पहिलीतलं पोर ‘मनं नाव’ म्हणतं, पुस्तकात ‘माझं नाव’ असतं. त्यात 2023च्या कायद्याने गुजरातमध्ये आठवीपर्यंत गुजराती सक्तीची आहे. म्हणजे शिरोरेघ नसलेली दुसरी लिपी, शिवाय इंग्रजी.

असं मूल अडखळलं की त्याला ‘ढ’ ठरवायला वेळ लागत नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. अडचण नव्या भाषेची असेल, तर घरच्या बोलीतल्या गोष्टी, गप्पा, गाणी यांतून प्रमाण मराठीकडे नेलं की मूल हळूहळू रुळतं. डिसलेक्सिया असेल, तर बोलण्यात चुणचुणीत असलेलं मूलही अक्षर आणि आवाज यांची सांगड घालताना वारंवार अडतं. त्याला एकेक ध्वनी सुटा करून, रेतीत अक्षर गिरवून, भरपूर सराव देत शिकवावं लागतं. फळ्यावरचं उतरवून घेण्याने दोघांचाही प्रश्न सुटत नाही.

गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या बालमंदिरात मुलाच्या कलाने शिकवण्याचा पाया शंभर वर्षांपूर्वीच घातला. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिसलेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. तेव्हा पालकांनी शिकवणी बदलण्याआधी शिक्षकांशी बोलावं आणि गरज वाटल्यास तपासणी करून घ्यावी.