यंत्राआधी दांडीचे माप

घरातील छंदासाठी असो वा छोट्या कार्यशाळेसाठी, विजेवर चालणारे कोरीवकामाचे यंत्र घेताना नजर प्रथम वॅट आणि फेऱ्यांच्या आकड्यांवर जाते. वास्तविक पहिला प्रश्न मापाचा असावा. हातात मावणाऱ्या रोटरी यंत्राचे कॉलेट, म्हणजे दांडी पकडणारा भाग, बहुधा ३.२ मिलिमीटरपर्यंतचीच दांडी घेते. लाकूड झपाट्याने काढणारी मोठी दातेरी टोके, म्हणजे बर, मात्र अनेकदा ६ मिलिमीटर दांडीचे असतात. स्वस्त म्हणून घेतलेला संच मग पडून राहतो. अशा मालाला काय म्हणतात, हे व्यापारी वाचकांना सांगावयास नको!

बारीक नक्षीपुरते लहान यंत्र पुरेसे आहे. सागवानात मूर्ती घडवावयाची असेल, तर टांगलेली मोटर व लवचीक शाफ्टचे यंत्र श्रेयस्कर. मोटरचे वजन आणि उष्णता हातावर येत नाही, आणि योग्य हँडपीस घेतल्यास दोन्ही मापांच्या दांड्या चालतात.

खडबडीत काट्यांचा टंगस्टन कार्बाइडचा बर ढोबळ आकार काढतो. हिऱ्याच्या कणांचा बर डोळे, पाकळ्या अशा अखेरच्या कामाचा. आरंभी तीन-चार चांगले बर पुष्कळ झाले. डोके जितके मोठे, तितका वेग कमी ठेवावा. मर्यादा ओलांडल्यास दांडी वाकून बर उडू शकतो.

मास्क आणि धूळशोषकाचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदविले आहे. सैल हातमोजे मात्र घालू नयेत. फिरता बर त्यांचा धागा क्षणात गुंडाळतो.