पाय किती थकलेत, हे मोजायचं कसं?

पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर, तर मुलींना 800 मीटर धावावं लागतं. अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावी पहाटे त्याचा सराव चालतो. दुसऱ्या दिवशी पाय भरून आले की कुणीतरी म्हणतंच, 'लॅक्टिक ॲसिड साचलंय.' हे खरं आहे का?

नाही. जोरात धावल्यावर रक्तातलं लॅक्टेट वाढतं, पण साधारण तासाभरात ते पूर्ववत होतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेशी जोडलेलं असतं.

मग थकवा मोजतात कसा? थकलेला स्नायू कमी जोर लावतो. प्रयोगशाळेत हा जोर यंत्रावर मोजतात. मैदानावरची सोपी चाचणी म्हणजे उभी उडी.

पाय ताजे असताना बोटाला खडू लावून भिंतीशेजारी तीनदा उडी मारा आणि सर्वांत उंच खूण जपून ठेवा. रोज वॉर्मअपनंतर त्याच भिंतीवर, त्याच बुटांत उडी मारून पाहा. सलग दोन दिवस खूण बरीच खाली आली, तर वेगाचा सराव टाळा. हलकं धावा किंवा विश्रांती घ्या.

आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर उडी वगैरे काही नको. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.